सर्व्हिसिंगनंतर सहा दिवसांत बॅटरी पूर्ण उतरली : नवी घ्यावी की आधी कारण शोधावे?

वाळवंटीकाठ

नमस्कार. चवथीला गावी जाण्याआधी आम्ही आमच्या गाडीची सर्व्हिसिंग पणजीजवळच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेतली. गाडी पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची लहान हॅचबॅक आहे. तिला ३ वर्षे ४ महिने झाले असून बॅटरी गाडीबरोबर आलेली, ३५ अँपिअर-तासांची, मूळचीच आहे. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर बदलल्याची नोंद बिलावर आहे. त्याच संध्याकाळी आम्ही ताळगावहून सत्तरीतल्या केरीला आलो आणि वाटेत गाडीने कसलाही त्रास दिला नाही. त्यानंतर घरात गणपती असल्यामुळे गाडी सहा दिवस अंगणातल्या शेडमध्ये उभी राहिली.

सातव्या दिवशी सकाळी सासऱ्यांना तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यायचे होते. रिमोट दाबला तर दार उघडेना. किल्लीत दडलेले धातूचे पाते बाहेर काढून दार उघडले, किल्ली फिरवली, तेव्हा मीटरवर एकही दिवा लागला नाही आणि हॉर्नसुद्धा वाजला नाही. शेजारच्या मुलांनी गाडी उतारावर दोन वेळा ढकलून पाहिली, तरी ती सुरू झाली नाही. शेवटी दिरांनी आपल्या गाडीतून सासऱ्यांना नेले, पण तोवर त्यांची वेळ चुकली होती आणि ही गोष्ट मला अजून टोचते आहे.

शेजाऱ्यांनी मल्टिमीटर लावला, तेव्हा बॅटरी ४.१ व्होल्ट दाखवत होती. दुपारी त्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून आमची गाडी सुरू केली आणि साखळी शहरापर्यंत तासभर फिरवून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. सर्व्हिस सेंटरला फोन केला असता, 'बॅटरीचे आयुष्य संपले आहे, नवी घाला, सर्व्हिसिंगशी याचा संबंध नाही' असे सांगण्यात आले आणि साडेपाच हजारांचा आकडाही लगेच मिळाला. मात्र त्यांनीच दिलेल्या तपासणी कागदावर 'बॅटरी' या ओळीपुढे 'ठीक' अशी खूण आहे.

जी बॅटरी एका गुरुवारी ठीक होती, ती पुढच्या बुधवारी आयुष्य संपून कशी जाते? नवी बॅटरी घेण्याआधी मी नेमके काय तपासून घ्यावे? आणि इतकी उतरलेली बॅटरी पुन्हा कामाची होऊ शकते का?

फोंड्याचा वायरमन

ताई, नवी बॅटरी आत्ता घेऊ नका. ती घालून गाडी पुन्हा सहा दिवस उभी ठेवलीत आणि वीज खाणारी वस्तू गाडीत तशीच असली, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल. आमच्या धंद्यात हे फार पाहायला मिळते. गिऱ्हाईक तीन महिन्यांत दुसरी बॅटरी घेते आणि खरा दोष एखाद्या पाच वॅटच्या बल्बचा निघतो.

आधी ४.१ व्होल्टचा अर्थ सांगतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून काही तास विश्रांती घेतलेली चांगली बॅटरी १२.६ किंवा थोडे वर दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. नुसती जुनी झालेली बॅटरी सहसा अशी तळाला जात नाही. ती सकाळी सेल्फला जड जाते, दिवे मंद करते, महिनाभर आधीपासून सूचना देते. एखादा सेल आतून शॉर्ट झाला तर एकदम दोन व्होल्ट कमी होतात, म्हणजे दहा-साडेदहा दिसतात. ४.१ पर्यंत उतरायला कोणीतरी रात्रंदिवस थोडीथोडी वीज ओढत राहावी लागते, त्यामुळे माझा पहिला संशय तिकडे जातो.

ढकलून गाडी का सुरू झाली नाही, याचेही कारण तेच आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या ढकलून सुरू होत, पण आजच्या गाडीत इंजिनाचा कंप्युटर, टाकीतला पेट्रोल पंप आणि स्पार्क या सगळ्यांना वीज लागते. शिवाय अल्टरनेटरलाही वीज तयार करायला सुरुवातीला थोडी वीज द्यावी लागते. चार व्होल्टवर यातले काहीच जागे होत नाही. मुलांना पुन्हा ढकलायला लावू नका.

आता हिशेब पाहा. गाडी लॉक करून उभी असताना घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांना मिळून सहसा ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी वीज लागते. दिवसाला ते सव्वा अँपिअर-तासांहूनही कमी भरते, त्यामुळे चांगली बॅटरी दोन-तीन आठवडे सहज टिकते. पण पाच वॅटचा एक बल्ब लागून राहिला तर तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे चोवीस तासांत दहा अँपिअर-तास. तुमची बॅटरी ३५ ची आहे, ती साडेतीन दिवसांत रिकामी होईल. सहा दिवसांनी काय उरेल ते तुम्ही मीटरवर पाहिलेच आहे.

तुमच्या बिलावरची एक ओळ मला महत्त्वाची वाटते, ती म्हणजे केबिन फिल्टर. बऱ्याच हॅचबॅकमध्ये हा फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो बदलताना ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवतात आणि त्याची बाजूची दोरी किंवा दांडी काढून ठेवतात. परत लावताना ती नीट बसली नाही की झाकण एका कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटर वर राहते, आतल्या दिव्याचा स्विच पूर्ण दाबला जात नाही आणि दिवा चालूच राहतो. काही गाड्यांत हा दिवा इग्निशन बंद केल्यावर आपोआप विझतो, काहींत थेट बॅटरीवर असतो. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहायला मेकॅनिक लागत नाही. रात्री अंधारात मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, झाकण लावा, गाडी बाहेरून लॉक करा आणि अर्ध्या तासाने काढून पाहा. उघडताना लगेच बल्बलाही बोट लावा, कारण बंद असलेला बल्ब गार असतो आणि लागून राहिलेला चटका देतो. डिकीचा दिवाही याच पद्धतीने पाहता येतो.

दिवा निर्दोष निघाला, तर स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे दोष वाचणारा स्कॅनर जोडायच्या जागेत, सर्व्हिस सेंटरचे एखादे उपकरण विसरून राहिले आहे का ते पाहा. डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर बसवला असेल, तर तोही काढून ठेवा.

यानंतर जवळच्या कोणाकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती लावून उभी गाडी किती वीज ओढते ते मोजून घ्या. दारे, डिकी, ग्लव्ह बॉक्स सगळे बंद असावे, किल्ली घरात ठेवावी आणि अर्धा तास थांबावे, कारण लॉक केल्यानंतर गाडीतले कंप्युटर झोपी जायला वेळ घेतात आणि घाईने घेतलेला आकडा फसवा येतो. साधा मल्टिमीटर बॅटरी आणि केबल यांच्यामध्ये जोडून मोजायचे असेल तर ते काम वायरमनकडूनच करून घ्या. तो जोडलेला असताना कोणी चुकून सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज तरी उडतो, नाही तर मीटरच जळतो.

कुडचडेकर

वर दिलेला सल्ला योग्य आहे, पण दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. मी सात वर्षे एका वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड, म्हणजे गाडीवरच्या कामाची नोंद, लिहिण्याचे काम केले आहे. गोव्याच्या उष्ण व दमट हवेत कारखान्यातून आलेली बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते, हा आमचा अनुभव आहे. त्यामुळे ३ वर्षे ४ महिन्यांच्या बॅटरीबद्दल 'आयुष्य संपत आले असेल' असे म्हणणे पूर्णपणे निराधार नाही. फक्त ते मोजून म्हणायला हवे, फोनवरून नव्हे.

शिवाय वर्कशॉपमध्ये गाडीची दारे तीन-चार तास उघडी असतात, स्कॅनर लावताना इग्निशन चालू ठेवावे लागते, गाडी दुरुस्तीच्या जागेवरून वॉशिंगला आणि तिथून पार्किंगला नेताना सेल्फ पाच-सहा वेळा मारला जातो. बॅटरी आधीच थोडी अशक्त असेल तर ती तिथूनच निम्मी होऊन बाहेर पडते आणि मग उभ्या गाडीतली लहानशी गळतीही तिला पुरते. तेव्हा चूक आणि म्हातारपण ही दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

तपासणी कागदावरच्या 'ठीक' या खुणेला फार वजन देऊ नका. टेस्टर लावून तपासले असेल तर छापील चिठ्ठी निघते. तिच्यावर बॅटरीची मूळ सीसीए, म्हणजे थंड इंजिन फिरवण्याची क्षमता, आणि आत्ता मोजलेली सीसीए असे दोन आकडे असतात. त्या दिवसाची चिठ्ठी मागा. ती नसेल तर तपासणी झालीच नव्हती, असे तुम्ही त्यांना स्पष्ट म्हणू शकता.

बॅटरी वाचेल का, या प्रश्नाचे उत्तर ती किती दिवस रिकामी पडून होती यावर अवलंबून आहे. रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. तो ताजा असेपर्यंत चार्जिंगने विरघळतो, पण दिवसागणिक त्याचे स्फटिक कडक होत जातात आणि मग तेवढा भाग कायमचा वाया जातो. तुमच्या बाबतीत दोन-तीन दिवस गेले आहेत, म्हणजे थोडे नुकसान धरूनच चालावे. साखळीपर्यंतच्या एका तासाच्या फेरीने मात्र ती भरणे शक्य नव्हते. अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. पूर्ण रिकामी बॅटरी त्याच्याकडून भरून घेतली तर त्याच्यावरही ताण येतो आणि बॅटरीही अर्धवट राहते. ती उतरवून चार्जरवर लावा. तुमच्या ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास, सावकाश, बारा-चौदा तास द्यावेत. काही स्वयंचलित चार्जर चार-पाच व्होल्टची बॅटरी जोडली तर ती ओळखतच नाहीत, म्हणून बॅटरीच्या दुकानातला साधा चार्जर अधिक बरा. चार्जिंग संपल्यावर लगेच मोजू नये, रात्रभर ठेवून सकाळी मोजावे.

वाळवंटीकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री साडेनऊला शेडमधला दिवा बंद करून मोबाइल ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. अर्ध्या तासाच्या व्हिडिओत एक क्षणही अंधार नाही. बिलांचा गठ्ठा, छत्रीची मूठ आणि चष्म्याचे घर पिवळ्या उजेडात अगदी स्पष्ट दिसत आहे. नंतर बाहेरून पाहिले तर झाकणाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ होती. दिवसा ती कोणालाच दिसली नसती. बल्बला बोट लावले तर खरोखर चटका बसला.

आज सकाळी वाळपईहून वायरमन आले. आपण सांगितल्याप्रमाणे अर्धा तास थांबून त्यांनी क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा ०.४३ अँपिअर आले. बल्ब काढून पुन्हा अर्ध्या तासाने मोजले तर ०.०३. झाकणाच्या डाव्या बाजूची काळी दांडी खाचेत बसवलेलीच नव्हती, ती आत लोंबत होती. मी दोन्ही वेळचे मीटरचे फोटो आणि लोंबणाऱ्या दांडीचा फोटो काढून ठेवला आहे. दांडी मात्र अजून तशीच ठेवली आहे. आता सर्व्हिस सेंटरला काय आणि कसे सांगावे?

बार्देशकर

ताई, दांडी तशीच ठेवलीत ते फार चांगले केलेत. गाडी त्यांच्याकडे नेण्यापूर्वी ईमेल पाठवा, फोन नको. सर्व्हिसिंगची तारीख, जॉब कार्डचा क्रमांक, केबिन फिल्टर बदलल्याची बिलातली ओळ, गाडी किती दिवस उभी होती, ०.४३ आणि ०.०३ हे दोन आकडे आणि व्हिडिओ, एवढेच लिहा. मागणीही नेमकी असू द्या : दांडी बसवून द्यावी, बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची छापील तपासणी द्यावी, ती तपासणीत नापास झाली तर खर्च उचलावा आणि आढळलेला दोष नव्या जॉब कार्डवर लिहावा. शेवटची मागणी सोडू नका. पुढे दोन महिन्यांनी बॅटरी गेली तर तोच कागद तुमच्या हातात राहील.

बॅटरीच्या वॉरंटीची आशा धरू नका. मुदत उरलेली असती तरी उतरलेली बॅटरी हा सहसा उत्पादनातला दोष मानला जात नाही. तुमची तक्रार बॅटरी कंपनीविरुद्ध नाही, ती सर्व्हिसिंगच्या कामाविरुद्ध आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये यालाच सेवेतील त्रुटी म्हणतात. त्यांनी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. साडेपाच हजारांच्या बॅटरीसाठी इतके दूर जावे लागू नये असे मला वाटते, पण हा मार्ग आपल्याला माहीत आहे हे ईमेलमध्ये एका सभ्य वाक्यात कळवायला हरकत नाही.

फोंड्याचा वायरमन

रेघ दिसली हे वाचून बरे वाटले. वाळपईच्या वायरमननी दोन्ही वेळा अर्धा तास थांबून मोजले, हे काम त्यांनी नीट केले आहे.

गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंत नेण्यासाठी तुम्हाला एकदा तरी जंपर केबल लावावी लागेल, म्हणून क्रम सांगतो. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटचे टोक लावताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, तो पेट घेऊ शकतो. त्यासाठीच हे अंतर. काढताना याच्या उलट क्रम. लाल-काळे उलटे लागले तर एका क्षणात इंजिनाचा कंप्युटर जाऊ शकतो, तेव्हा मुलांच्या हातात केबल देऊ नका. सुरू झाल्यावर दहा मिनिटे तशीच चालू ठेवा आणि वाटेत कुठेही इंजिन बंद करू नका. जमत असेल तर बॅटरीच उतरवून वाळपईला चार्ज करून घ्या आणि मग गाडी न्या, ते अधिक सुरक्षित आहे. उतरवताना निगेटिव्ह आधी काढायचा, लावताना तो शेवटी.

बॅटरी काढल्यानंतर घड्याळ आणि रेडिओची स्टेशने पुन्हा लावावी लागतात. ज्या काचा एका दाबात वर जातात, त्या एकदा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ही पूड लवकर धरते.

वाळवंटीकाठ

पुढे काय झाले ते कळवते. बॅटरी वाळपईला चौदा तास चार्ज करून घेतली आणि रात्रभर ठेवून सकाळी मोजली, तेव्हा १२.५ आले. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. ईमेलला दोन दिवस उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेले, सर्व्हिस मॅनेजरना व्हिडिओ दाखवला आणि ग्लव्ह बॉक्स त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी लोंबणारी दांडी हातात घेऊन पाहिली, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग त्यांनी ज्या मुलाने फिल्टर बदलला होता त्याला बोलावून दांडी त्याच्याकडूनच बसवून घेतली. त्या मुलाने माझी क्षमा मागितली. तो विशीतला असेल, त्याच्यावर माझा राग राहिला नाही. त्याचे काम एकदा तपासायला हवे होते, असे मी मॅनेजरना सांगितले.

सर्व्हिसिंगच्या दिवसाची छापील चिठ्ठी त्यांच्याकडे नव्हती. आज काढलेल्या चिठ्ठीवर मूळ सीसीए ३०० आणि मोजलेली २३२ आली आहे, निकाल 'वापरण्यायोग्य'. नव्या बॅटरीचा खर्च उचलायला त्यांनी नकार दिला. वय झाले आहे हे त्यांचे म्हणणे कायम आहे आणि कुडचडेकरांनी लिहिल्यामुळे मलाही ते थोडे पटते. मात्र जॉब कार्डवर 'ग्लव्ह बॉक्सची दांडी सुटलेली आढळली, दिवा चालू राहत होता, दुरुस्त केले' असे लिहून, शिक्का मारून दिले आहे आणि वाळपईच्या चार्जिंगचे व वायरमनचे पैसे बिलाच्या पावतीवर परत केले. सहा महिन्यांच्या आत बॅटरी गेली तर नवीच्या किमतीत निम्मा वाटा देण्याचे त्यांनी ईमेलवर मान्य केले आहे.

गाडी आता पुन्हा ताळगावला आहे. दर रविवारी सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी व्होल्ट मोजून ते एका वहीत लिहीत आहे. पहिल्या रविवारी १२.५ होते, काल १२.४. सासऱ्यांची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे, त्यासाठी आदल्या रात्रीही एकदा मोजून ठेवणार आहे.